टच करंट मोजायला कोणतं यंत्र घ्यावं? (ठाण्यातल्या छोट्या कारखान्यासाठी)

वागळे_सोळा

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

वागळे इस्टेटला आमचा गाळा आहे. सात माणसं, दोन सोल्डरिंगची टेबलं, एक हायपॉट (उच्च व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र). २४ व्होल्टचे दोन पिनी अडॅप्टर बनवतो. बराचसा माल पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रांना जातो. रबाळ्याच्या एका गिऱ्हाइकाने नवं मॉडेल काढलं, आत स्टीलची टाकी. आता त्यांच्याकडे तक्रारी येताहेत की ओल्या हाताने, अनवाणी उभं राहून टाकीला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यांनी अख्खं यंत्र लॅबला पाठवलं. रिपोर्टात टच करंट (हात लावल्यावर अंगातून जाणारा करंट) ०.३८ मिलिअँपिअर पीक, म्हणजे लाटेच्या टोकाला, मर्यादा ०.३५, शेरा नापास. खापर अर्थातच माझ्या अडॅप्टरवर.

मी इथे मल्टिमीटर अडॅप्टरच्या आउटपुटचा निगेटिव्ह आणि सॉकेटची अर्थ पिन यांच्या मध्ये लावून मोजलं. भिंतीच्या सॉकेटवर ०.१७ आलं. तोच अडॅप्टर टेबलावरच्या सॉकेटवर लावला तर ०.०३. त्याआधी घाईघाईत लीकेजचा क्लँप मीटर विकत घेतला होता, तो तर शून्याच्या पुढे हलायला तयार नाही.

आता नीट यंत्र घ्यायचं आहे. एका विक्रेत्याने लाखांतलं कोटेशन दिलंय. कोणतं घेऊ? आणि यातला खरा आकडा कोणता?

चहा_बिस्कूट

खरा आकडा कोटेशनवरचा. तो कधी खोटा नसतो.

(गंमत केली हो. आमच्या लॅपटॉपच्या अंगालाही पावसाळ्यात अशाच झिणझिण्या येतात. तज्ज्ञांची वाट बघतोय, खुर्ची पकडून बसलो आहे.)

डोंबिवली_लोकल

दादा, तुमच्याकडे हायपॉट आहे ना? त्यावर लीकेज दिसतोच की. आमच्याकडे ३००० व्होल्ट देतात, ५ मिलिअँपिअरच्या आत राहिला की पास. वेगळं यंत्र कशाला?

गंजका_खिळा

डोंबिवली_लोकल, इथेच निम्मा महाराष्ट्र घसरतो. हायपॉट विचारतो की इन्सुलेशन फुटतं का. माणसाने हात लावल्यावर त्याच्या अंगातून किती करंट जाईल, हा त्याचा प्रश्नच नाही. ३.३ नॅनोफॅरडचा वाय कपॅसिटर (अडॅप्टरच्या मेनच्या आणि आउटपुटच्या बाजूंमध्ये नॉइज दाबायला लावतात तो) ३००० व्होल्ट, ५० हर्ट्झला ३.१ मिलिअँपिअर ओढणार, ते गणितच आहे. तो आकडा पाहून टच करंटबद्दल बोलणं म्हणजे वजनकाट्यावर उभं राहून ताप बघणं.

वागळे_सोळा, आयुष्याची बरीच वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये घालवून आता घरी बसलोय, त्यामुळे लांबण लावतो. यंत्राआधी दोन गोष्टी सांगा. टेबलावरचं ते सॉकेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेनशी थेट जोड न ठेवता वीज देणाऱ्या) आहे का? आणि अडॅप्टरमध्ये प्रायमरी ते सेकंडरी वाय कपॅसिटर कितीचा आहे?

वागळे_सोळा

काका, तुम्हाला कसं कळलं? हो, टेबल आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर आहे, शॉकची भीती नको म्हणून वडिलांनी बसवला होता. वाय कपॅसिटर ३.३ नॅनोफॅरड.

गंजका_खिळा

मग ०.०३चं कोडं सुटलं. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी हवेत तरंगते. तुमच्या अडॅप्टरपासून मीटरमधून अर्थला गेलेल्या करंटला सप्लायकडे परत यायला वाटच नाही, ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या चुकार कपॅसिटन्समधून येईल तेवढाच. त्या टेबलावर लाखाचं यंत्र ठेवलंत तरी ते ०.०३ दाखवेल, वर छापील पावतीही देईल.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकून देऊ नका, तो उपयोगाचा आहे. टच करंट कसा मोजायचा हे सांगणाऱ्या आयईसी ६०९९० या मानकातच तो वापरायला सांगितलंय, पण सेकंडरीचं एक टोक अर्थला बांधून. ते टोक तुमचं न्यूट्रल झालं. आता करंटला परतीचा रस्ता आहे, गाळ्याच्या अर्थिंगचं काय चाललंय याच्याशी देणंघेणं नाही, आणि पॅनेलमधला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) मध्ये लुडबुडणार नाही. फक्त आता ते टेबल पूर्वीसारखं ‘सुरक्षित’ राहिलं नाही. वडिलांना सांगा, आणि टेबलावर ठळक पाटी लावा.

वाय कपॅसिटरचं ढोबळ गणित: २ × π × ५० × ३.३ नॅनोफॅरड × व्होल्टेज. घरगुती उपकरणांच्या मानकात मोटारवाली आणि मिश्र उपकरणं रेटेडच्या १.०६ पट व्होल्टेजवर मोजतात, म्हणजे २३०चे २४३.८. येतात ०.२५३ मिलिअँपिअर आरएमएस (मीटर सहसा दाखवतो ती परिणामी सरासरी), पीक ०.३५७. म्हणजे कपॅसिटर अगदी छापल्याइतकाच निघाला तरी तुम्ही ०.३५च्या वर. त्यात या कपॅसिटरांची टॉलरन्स बहुधा अधिक-उणे २० टक्के. लॅबचा ०.३८ मला मुळीच नवलाचा वाटत नाही.

ही ढोबळ वरची पातळी आहे, बरं का. ब्रिज रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) मागे कपॅसिटर लावला असेल तर लाट साइन राहत नाही, आरएमएस कमी येतो. पण पीक त्याच प्रमाणात कमी होत नाही. तुमच्या ०.१७ला १.४१४ने गुणून ०.२४ काढाल आणि ‘पास झालो’ म्हणून पेढे वाटाल, ते याच ठिकाणी चुकेल.

मीटरवाली

खिळेकाकांच्या प्रत्येक ओळीला +१. महापेला कॅलिब्रेशनचं काम करते, म्हणून मीटरच्या बाजूने भर घालते.

मल्टिमीटरच्या करंट रेंजमध्ये आतला रोध फारच कमी असतो. माणसाचा तसा नसतो. म्हणून आयईसी ६०९९०मध्ये माणसाच्या जागी एक नेटवर्क ठेवलंय: १५०० ओहम, त्याला समांतर ०.२२ मायक्रोफॅरड, आणि त्याच्या पुढे सिरीजमध्ये ५०० ओहम. पहिला भाग म्हणजे कातडी, दुसरा म्हणजे आतलं शरीर, असं ढोबळपणे धरा. करंट हवा तर ५०० ओहमवरचं व्होल्टेज मोजून ५००ने भागायचं.

पण आपण सगळ्या फ्रीक्वेन्सींना सारखे दचकत नाही. फ्रीक्वेन्सी वाढली की तेवढाच करंट कमी जाणवतो. म्हणून त्याच ५०० ओहमच्या पुढे १० किलोओहम आणि ०.०२२ मायक्रोफॅरडचं फिल्टर लावतात, साधारण ७२३ हर्ट्झच्या वरचं दाबणारं. मानकातली ती आकृती ४, दचकण्यासाठी. हात सुटेनासा होण्यासाठी आकृती ५ वेगळी. एसएमपीएसच्या, म्हणजे तुमच्यासारख्या स्विचिंग अडॅप्टरच्या, आउटपुटवर किलोहर्ट्झमधला कचरा असतोच. फिल्टर नसलेल्या मीटरवर तुम्ही उगाच नापास व्हाल, आणि साध्या स्वस्त मीटरला ती फ्रीक्वेन्सी दिसतच नाही, तिथे उगाच पास.

म्हणजे यंत्र घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न: आत कोणकोणती नेटवर्क आहेत? दुसरा: पीक दाखवतं का, की नुसतं आरएमएस? तिसरा: व्होल्टमीटरची बँडविड्थ किती? मानकाला १५ हर्ट्झपासून १ मेगाहर्ट्झपर्यंत हवी, इनपुट रोध किमान १ मेगाओहम, कपॅसिटन्स २०० पिकोफॅरडच्या आत. या तिन्हींची उत्तरं देताना विक्रेता ‘सर, हे तर प्रीमियम मॉडेल आहे’ असं म्हणाला तर चहा पिऊन निघून या.

तुमचा क्लँप निकामी नाही. तो अर्थच्या वायरीतला किंवा फेज-न्यूट्रलच्या फरकाचा करंट बघतो. अर्थ नसलेल्या अडॅप्टरला कुणी हात लावलेलाच नसेल तर फरक कुठून येणार? तो शून्य अगदी प्रामाणिक आहे.

डोंबिवली_लोकल

हायपॉटचं कळलं. पाच वर्षं चुकीचं सांगत होतो सगळ्यांना. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो, पण राहू दे, दुसऱ्याला उपयोग होईल.

बायोमेड_नेरूळ

मी हॉस्पिटलमध्ये बायोमेडिकल बघते. आमच्याकडे लीकेज तपासायचं यंत्र आहे. कुणी ‘हॉस्पिटलमधून दोन दिवस मागून आण’ असा सल्ला देण्याआधी सांगते, दादा, आणू नका. वैद्यकीय मानकाचं, म्हणजे आयईसी ६०६०१चं नेटवर्क वेगळं आहे: १ किलोओहम, आणि फिल्टर १० किलोओहम व ०.०१५ मायक्रोफॅरडचं. तुमचं साधारण २ किलोओहमचं. यंत्र उत्तम असूनही उत्तर तुमच्या प्रश्नाचं येणार नाही.

मर्यादाही वेगळ्या. आमच्याकडे टच करंट नॉर्मल अवस्थेत १०० मायक्रोअँपिअर, एक दोष धरून ५००. हृदयाशी थेट जोडल्या जाणाऱ्या सीएफ प्रकारच्या भागांत पेशंट लीकेज नॉर्मलला फक्त १० मायक्रोअँपिअर. तुमच्या ३८० मायक्रोअँपिअरचा आकडा वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, मग आठवलं की पाण्याचं यंत्र आहे.

ओहमकार

आता माझा आवडता भाग: घरी बनवा.

वर मीटरवालीताईंनी दिलेलं नेटवर्क लॅमिंग्टन रोडवरून (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणलेल्या सुट्या भागांत होतं. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर, फिल्म कपॅसिटर, धातूचा डबा, बीएनसी सॉकेट. मी आकृती ४ बनवून स्कोपला (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपला) जोडलं आहे. ५०० ओहम म्हणून १ किलोओहमचे दोन समांतर. स्कोपचा इनपुट १ मेगाओहमचाच असतो, एक-पट प्रोबचा कपॅसिटन्स धरूनही २०० पिकोफॅरडच्या आत बसतो, आणि पीक डोळ्यांना दिसतो. लाट कशी वेडीवाकडी आहे तेही दिसतं, जे कोणतंच आकडे दाखवणारं यंत्र दाखवत नाही.

स्कोपचा क्लिप मात्र अर्थशीच जोडलेला असतो. तो नेटवर्कच्या परतीच्या टोकाला, म्हणजे खिळेकाकांनी अर्थला बांधलेल्या त्या न्यूट्रलला लावायचा. फेज-न्यूट्रल उलटवायचा स्विच फक्त अडॅप्टरच्या बाजूला. हे उलटसुलट केलंत तर स्कोपच्या क्लिपने थेट शॉर्ट. आणि स्कोपची अर्थची पीन तोडून ‘तरंगता’ करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याचा आयडी ब्लॉक करा. माझा एक मित्र असाच स्कोपच्या अंगाला चिकटता चिकटता वाचला.

मीटरवाली

ओहमकार, सुंदर. पण फ्यूज विसरलास. चुकून फेजच नेटवर्कला लागला तर २३० व्होल्ट भागिले २ किलोओहम, ११५ मिलिअँपिअर. ५०० ओहमवर साडेसहा वॅट, १५००वर जवळजवळ वीस. पाव वॅटचे रेझिस्टर टेबलावर फटाक्यासारखे उडतील. छोटा फास्ट फ्यूज लाव, आणि लक्षात ठेव की कमी अँपिअरच्या फ्यूजला स्वतःचाही रोध असतो. तो मोजून घे.

तपासणीसाठी एक युक्ती देते, आम्ही रोज वापरतो. ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये घ्या (एकच ९४० नको, पाव वॅटच्या एका रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टचीच मुभा असते). एक टोक फेजला, दुसरं नेटवर्कला. बरोबर २३० व्होल्टला ०.२४४ मिलिअँपिअर आरएमएस, ०.३४५ पीक यायला हवा. स्कोपवर तो सुमारे १७२ मिलिव्होल्ट पीक दिसेल. नेमका मर्यादेच्या उंबरठ्यावरचा आकडा, याहून चांगली तपासणी नाही. उद्या लाखाचं यंत्र घेतलंत तरी रोज सकाळी पहिलं हेच करा. व्होल्टेज मात्र त्याच वेळी मोजून प्रमाणात बदलून घ्या, वागळेत दुपारी २३० कुठे मिळतात?

चहा_बिस्कूट

एक बाळबोध प्रश्न. ०.३५च का? कुणी आणि कसं ठरवलं?

गंजका_खिळा

बाळबोध नाही, चांगला आहे. ५० हर्ट्झला साधारण अर्धा मिलिअँपिअर करंट माणसाला जाणवू लागतो, त्याहून पुढे साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास पकडलेली वस्तू हातातून सुटेनाशी होते. माणसागणिक फरक पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी स्वयंसेवकांना प्रत्यक्ष करंट देऊन ‘सोडता येतो का’ हे तपासलं होतं. पुढे १९६१मध्ये अमेरिकेतला जीएफसीआय, म्हणजे आपल्या आरसीसीबीचा भाऊ, त्यांनीच शोधला.

क्लास २ला, म्हणजे अर्थ नसलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या उपकरणांना, जुन्या आवृत्तीत ०.२५ मिलिअँपिअर आरएमएस होतं. घरगुती उपकरणांच्या त्या मानकाच्या, म्हणजे आयईसी ६०३३५-१च्या, २०१०च्या पाचव्या आवृत्तीत ०.३५ पीक आलं. साइन लाटेसाठी दोन्ही एकच, ०.२५ गुणिले १.४१४. फरक पडतो तो तुमच्यासारख्या वेड्यावाकड्या लाटेला, आणि दचकायला पीकच कारणीभूत असतो.

आता वागळे_सोळांसाठी खरी ग्यानबाची मेख. तुम्ही अडॅप्टर आयटीच्या मानकात पास करून घेतला असणार. त्यात, म्हणजे आयईसी ६२३६८-१मध्ये, ईएस१ची (हात लावायला सुरक्षित पातळीची) मर्यादा ०.७०७ मिलिअँपिअर पीक. तिथे तुमचा ३.३ नॅनोफॅरड आरामात पास. पण तोच अडॅप्टर आरओच्या पोटात गेला आणि अख्खं यंत्र घरगुती उपकरणांच्या मानकात मोजलं गेलं, की मर्यादा निम्म्यावर. तुमचं सर्टिफिकेट खोटं नाही, लॅबचा रिपोर्टही खोटा नाही. भांडू नका, करारात कोणतं मानक लिहिलंय ते बघा.

आणि गिऱ्हाइकाला विचारा, २४ व्होल्टचा निगेटिव्ह स्टीलच्या टाकीला का जोडलाय?

वागळे_सोळा

विचारलं. पंपाचा ब्रॅकेट टाकीवर स्क्रूने बसवलाय आणि निगेटिव्ह ब्रॅकेटला. ‘नॉइज कमी व्हावा म्हणून’ असं उत्तर. करारात आमच्याकडून फक्त अडॅप्टरचं सर्टिफिकेट मागितलंय, यंत्राच्या मानकाचा उल्लेखच नाही. साहेबांशी फोनवर अर्धा तास झाला, आवाज चढला, मग दोघांनी चहा घेतला. (वेगवेगळ्या ऑफिसात.)

मग यंत्र घेऊ की नको?

मीटरवाली

तुमच्याकडे उद्या मिक्सर, परवा अडॅप्टर, तेरवा वैद्यकीय असं सगळं येणार असेल तर हिओकीचा एसटी५५४० किंवा किकुसुईचा टीओएस३२०० यांसारखं बघा, आत वेगवेगळ्या मानकांची नेटवर्क तयार असतात. न्यूट्रल तुटल्यासारखी दोषाची अवस्था, उलटा फेज, हे यंत्रच फिरवत जातं. माणसाचा हात चुकत नाही.

एकच वस्तू असेल तर मला तरी गरज दिसत नाही. घरगुती उपकरणांच्या मानकात प्रत्येक नगावर करायच्या रूटीन चाचण्या म्हणजे अर्थची सलगता, हायपॉट आणि चालवून बघणं. टच करंट ही मुख्यत्वे टाइप टेस्ट, डिझाइन एकदा मोजायची. त्यासाठी ओहमकारचा डबा आणि शेवटी एनएबीएल (मान्यताप्राप्त) लॅबचा रिपोर्ट, एवढं पुरतं.

कोणतंही घेतलंत तरी कॅलिब्रेशनचा कागद उघडून बघा. ५० हर्ट्झचा एकच बिंदू असेल तर फिल्टर जिवंत आहे की नाही हे कुणीच तपासलेलं नाही. निदान काही किलोहर्ट्झचे बिंदू मागा.

गंजका_खिळा

मोजताना: फेज-न्यूट्रल दोन्हीकडून. स्विच बंद ठेवूनही, एकपोली (दोनपैकी एकच वायर तोडणारा) स्विच असेल तर बंदमध्येच कधी जास्त येतो. गरम झाल्यावर. प्लास्टिकच्या भागावर २० बाय १० सेंटीमीटरची धातूची फॉइल गुंडाळून, तो हाताचा तळवा धरतात. जास्तीत जास्त आकडा लिहायचा, सरासरी नाही. लॅबमध्ये ९३ टक्के आर्द्रतेत ४८ तास ठेवूनही बघतात, तुमच्याकडे ती सोय जुलैत आपोआप आहे.

ओहमकार

वागळे_सोळा, शनिवारी डबा घेऊन येतो. ठाणे स्टेशनहून रिक्षा मिळाली तर.

वागळे_सोळा

तीन आठवड्यांनी अपडेट, उशिराबद्दल क्षमस्व.

ओहमकार आले होते. ट्रान्सफॉर्मरचं एक टोक अर्थला बांधलं, पाटी लावली (वडिलांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत). दोन ४७०वाली तपासणी आधी केली, २२८ व्होल्टला ०.३४ पीक, म्हणजे जमलं. मग जुना अडॅप्टर: ०.३७. लॅबचे ०.३८. मी खुर्चीतच बसलो. लाट अक्षरशः शार्कच्या पाठीवरच्या परासारखी, साइनचा मागमूस नाही.

कपॅसिटर १ नॅनोफॅरड केला तर करंट एकदम खाली आला, पण ईएमआय (अडॅप्टर बाहेर सोडतो तो विद्युत नॉइज) वर गेला, ते होणारच होतं. शेवटी २.२ ठेवला आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये एक शील्ड वाइंडिंग वाढवलं. आता आमच्या डब्यावर ०.२४, लॅबमध्ये ०.२५ पीक, पास. गिऱ्हाइकाने ब्रॅकेटखाली प्लास्टिकचे वॉशर टाकायचं कबूल केलंय, तेव्हा टाकीवर आकडा आणखी खाली जाईल. नव्या करारात यंत्राचं मानक नाव घालून लिहिलं आहे.

लाखाचं यंत्र घेतलं नाही. विक्रेता अजून फोन करतो.

चहा_बिस्कूट

आणि माझा लॅपटॉप?

ओहमकार

त्याचा चार्जर तीन पिनी आहे का? आणि तुमच्या घरातल्या त्या सॉकेटला अर्थ खरंच आहे का? आधी ते बघा. डबा आणतो रविवारी, तुम्ही नुसते बिस्कूट आणा.

वागळे_सोळा

अवांतर: लीकेजचा क्लँप मीटर, जवळपास न वापरलेला, खरेदी-विक्रीच्या धाग्यावर टाकतोय. मीटर उत्तम आहे, शून्य अगदी प्रामाणिक दाखवतो.